मशीनच्या बदल्यात नेस्टर

कॉर्बिन, मिशिगन
१७ ऑक्टोबर १९७६

प्रिय तेता,

पोचलो. खोली गेल्या वर्षीचीच, मिसेस डॉयलच्या घरात वरच्या मजल्यावर. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, की यंदा ओले मोजे हीटरवर वाळत घातलेस तर मोज्यांसकट तुला बाहेर काढीन. म्हणजे सगळं घरच्यासारखंच आहे, काळजी करू नको मावशी.

एकतीस वर्षांचा झालो, तेव्हा या आइस हॉकीच्या संघात मी म्हातारा. पोरं मला आजोबा म्हणतात आणि बसमध्ये पाय पसरता येतील अशी पुढची जागा माझ्यासाठी सोडतात. जोडीला लूक नावाचा नवा बचावपटू दिलाय, क्विबेकचा. पकची रबरी चकती मिळाली की हा सुसाट पुढे निघतो, आणि मागे उरतो मी एकटा, समोरून तिघे. प्रशिक्षक त्याला सांगतात, जा बिनधास्त, मागे नेस्टर आहे. हे ऐकायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

तू पुन्हा विचारलंस, गोल किती केले. गेल्या वर्षी एक, आणि तोही माझ्या नडगीला आपटून आत गेला. तेता, माझं काम गोल करायचं नाही, होऊ द्यायचे नाहीत, हे सांगून माझी जीभ झिजली. चर्चच्या हॉलमध्ये बायकांना काय सांगायचं, ही तुझी अडचण मला कळते. पण त्यावर माझ्याकडे इलाज नाही. मोठ्या लीगने मला एकदाच बोलावलं होतं. त्या रात्री मी पूर्ण वेळ बाकावर बसलो आणि फार छान खेळ बघितला, हे तुझं त्यांना शंभरदा सांगून झालंय.

वुइकोकाकांना विचार, बर्फावर पाणी घालायचं त्यांचं पिंप गळत होतं ते सांधलं का? आणि गावच्या रिंकच्या शेडमध्ये बर्फ कधी धरणार? इथलं बर्फ अजून मऊ आहे.

तुझा,
नेस्टर

---

डोब्रिव्का, सस्कॅचेवान
२१ नोव्हेंबर १९७६

लाडक्या नेस्टर,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तुझ्या वुइकोंना चष्मा लावूनही सगळं माझ्याच तोंडून ऐकायचं असतं. मोज्यांवर ते काही बोलले नाहीत, लूकवरही नाही. एवढंच म्हणाले, "ऑक्टोबर संपत आला तरी बर्फ मऊ का?" आणि जेवण होईपर्यंत विचारात पडले.

ते दर वर्षीप्रमाणे अंत्यविधीला घालायचा काळा सूट चढवून गावच्या समितीपुढे गेले आणि दर वर्षीप्रमाणे बर्फ सारखं करायचं मशीन मागितलं. समितीच्या हाव्रिलुकने त्यांना कॉफी दिली, तब्येत विचारली आणि सांगितलं, की तारास, एवढं मशीन आपल्या गावाला झेपायचं नाही. घरी येऊन त्यांनी सूट खुंटीला टांगला, जुना कोट घातला, घसरगाडीवर पिंप चढवलं, त्यात उकळतं पाणी भरलं आणि मागे गोणपाट फरफटवत रिंकभर फिरत बसले. खांदा दुखतोय, पण विचारलं तर मलाच विचारतात, कुणाचा खांदा?

पिंप सांधलंय. तळघरात तुझ्या आवडीचा आंबवलेला कोबी घातलाय. तुझी आई असती तर एव्हाना तुझं लग्न लावून मोकळी झाली असती. मी पडले मावशी, माझं कोण ऐकतं? त्या मिसेस डॉयलला एखादी भाची नाही का?

तुझी,
तेता स्टेफा

---

बेलहार्बर, न्यूयॉर्क
४ जानेवारी १९७७

प्रिय तेता,

वरचा पत्ता बघून दचकू नको. नाताळाच्या आधी माझी अदलाबदल झाली. बेलहार्बरच्या संघाला अनुभवी बचावपटू हवा होता, कॉर्बिनला दुसरं काही हवं होतं, सौदा झाला. आपल्या धंद्यात हे चालायचंच. माझ्या बदल्यात त्यांनी दोन खेळाडू दिले, म्हणजे बघ. मिसेस डॉयल रडली आणि माझे विसरलेले मोजे धुऊन पाठवते म्हणाली.

इथे खोली बरी आहे, खिडकीतून तळं दिसतं. सहा तारखेला, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळाच्या आदल्या दिवशी, तुमच्या पवित्र संध्याकाळच्या जेवणाला माझं ताट मांडाल, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी आमचा सामना आहे. वुइकोंना माझे नमस्कार सांग.

घाईत,
नेस्टर

---

डोब्रिव्का
२३ जानेवारी १९७७

लाडक्या नेस्टर,

एका माणसाच्या बदल्यात दोन! मी हे हॉलमध्ये पिरोहीच्या करंज्या लाटता लाटता सांगितलं तेव्हा हाव्रिलुकबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. तिचा मुलगा एडमंटनला बँकेत आहे, त्याच्या बदल्यात कुणी अर्धा माणूसही दिला नसता, असं मी म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर आलंच असेल. फादरनी रविवारी तुझं नाव घेतलं. शाळेच्या मास्तरांनी नकाशात बेलहार्बर शोधून टाचणी टोचली.

तुझ्या वुइकोंना त्या दोघांची नावं हवी आहेत. कुठल्या हाताने खेळतात, कुठल्या गावचे, तेही. तू काहीच लिहिलं नाहीस, एवढं चारच ओळींचं पत्र का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, मोठा माणूस झालाय आता, वेळ कुठला?

तुझी आनंदी,
तेता

---

बेलहार्बर
९ फेब्रुवारी १९७७

प्रिय तेता,

हे पत्र आधी एकटीने वाच. वुइकोंना वाचून दाखवू नको.

दोन खेळाडू नव्हते. एकही नव्हता. डिसेंबरात कॉर्बिनचं बर्फाचं मशीन बंद पडलं, एक सामना रद्द करावा लागला, लोकांना तिकिटं परत द्यावी लागली. बेलहार्बरकडे मशीनं होती दोन. कॉर्बिनच्या मालकांनी त्यांतलं एक मागितलं आणि बदल्यात मला देऊन टाकलं. तेता, मला एका जुन्या मशीनच्या बदल्यात दिलंय.

इथे हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या स्टिकला पक लागला, की अख्खं प्रेक्षागार मशीनसारखा घर्रर्र असा आवाज काढतं. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं, की सौद्यात कॉर्बिनचा फायदा झाला, कारण मशीन निदान समोरच्या गोलापर्यंत तरी पोचतं. माझ्याच संघातली पोरं कात्रण कापून माझ्या कपाटावर चिकटवतात. त्यांच्या मनात वाईट नसतं. मीही हसतो. पण खोलीवर आलो की हसू येत नाही.

इथला एक माणूस लाकडाच्या वखारीत नोकरी देतो म्हणतो. बॅग अर्धी भरली आहे. मोसम संपायची, मार्चची वाट बघण्यात अर्थ काय, हेच कळत नाही. तुला खोटं लिहिलं, कारण तू हॉलमध्ये काय सांगणार, हेच डोक्यात होतं. आणि वुइकोंनी मला ज्या बर्फावर उभं राहायला शिकवलं, तिथून मी इथवर येऊन पोचलो, हे त्यांना कळू नये असं वाटलं.

तुझा,
नेस्टर

---

डोब्रिव्का
१८ फेब्रुवारी १९७७

नेस्टर,

मी पत्र लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर कुणाला तरी विचार.

तुझ्या मावशीने "एकटीने वाच" हे वाक्यसुद्धा टेबलावर मोठ्याने वाचलं. मग थांबली. मी म्हटलं, आता आलीच आहेस इथवर, तर पुढचंही वाच. वाचून झाल्यावर मी कोट घालून रिंकवर गेलो आणि पिंपावर बसलो. तिला वाटलं मी रागावलोय. रागावलो नव्हतो. मला इतका आनंद झाला होता, की तिच्यासमोर काय करावं ते सुचेना.

पोरा, तेवीस वर्षं मी समितीपुढे उभा राहून हे मशीन मागतोय. तेवीस वर्षं ऐकतोय, की ते आपल्या गावाच्या आवाक्यातलं नाही. या काळात शाळा झाली, कर्लिंगची जागा झाली, चर्चचा घुमट दोनदा रंगवला. मशीन आलं नाही. आणि ज्यांच्याकडे ते खरोखर होतं, त्यांनी ते या गावच्या एका माणसासाठी देऊन टाकलं. तू दोन खेळाडूंच्या बदल्यात गेलास असं तुझी मावशी म्हणाली, तेव्हा मला विशेष काही वाटलं नव्हतं. खेळाडू काय, दर वर्षी मिळतात.

त्या वर्तमानपत्रवाल्याला मशीन गोलापर्यंत पोचतं एवढंच दिसलं. ते मागे काय ठेवून जातं, ते त्याने बघितलंच नाही. सगळे खरवडून, खड्डे पाडून निघून जातात, मग ते येतं आणि पुढच्यांना खेळता येईल असं करून ठेवतं. नीट झालं असेल तर कुणाचं लक्षही जात नाही. मी आयुष्यभर हेच केलं आणि मला ते आवडतं. तूही हेच करतोस असं मला वाटत आलंय. कधी बोललो नाही, कारण तुला माहीत असेल असं धरून चाललो.

तुला आवडत नसेल तर परत ये, तुझी खोली तशीच आहे. आवडत असेल तर मोसम अर्धा टाकून येऊ नको. अर्ध्यावर पाणी थांबवलं की तिथे कायमची उंच कड राहते.

मशीन कुठल्या सालचं आहे? पाणी गरम घालतात की कोमट? कोपरे नीट घेतं का? लगेच कळव.

तारास

ता. क. हॉलमध्ये मी अजून दोन खेळाडूच सांगतेय. पिरोही लाटताना हाव्रिलुकबाई समोर असते, मला एवढं तरी राहू दे. – तेता

---

बेलहार्बर
११ एप्रिल १९७७

प्रिय वुइको आणि तेता,

बॅग मी त्याच दिवशी रिकामी केली. तुमचं पत्र कपाटावर, त्या कात्रणाच्या शेजारी चिकटवलंय. संघातल्या कुणालाच आपली वाडवडिलांची भाषा येत नाही, पण प्रत्येक जण विचारतो काय लिहिलंय, आणि मी सांगतो, माझ्या काकांना मशीनचं साल हवंय. साल एकोणीसशे चौसष्ट. पाणी गरम घालतात. कोपरे नीट घेत नाही, पण तो चालवणाऱ्याचा दोष आहे, मशीनचा नाही.

हे मी स्वतः बघून लिहितोय. मार्चमध्ये आमचा कॉर्बिनला सामना होता. पहिल्या मध्यंतरात सगळे आत गेले, मी मात्र स्केट पायातच ठेवून फाटकाशी उभा राहिलो. म्हटलं, वुइकोंना कळवायचंय तर नीट बघून घेऊ. मशीन बाहेर आलं. कुणीतरी मला ओळखलं आणि "नेस्टर, नेस्टर" सुरू झालं, मशीनकडे बघून. दोन महिन्यांपूर्वी मी आत पळालो असतो. त्या दिवशी काय अंगात आलं, मी हेल्मेट काढलं आणि मशीन माझ्यासमोरून जाताना त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. सगळे उठून उभे राहिले. रिंकच्या कडेच्या फळ्यांवर हात आपटून आपटून त्यांनी कान बधिर केले. वर मिसेस डॉयल होती, माझे मोजे हातात घेऊन हलवत होती.

तेव्हापासून इथलं घर्रर्र बदललंय. आता मी समोरच्याच्या स्टिकवरचा पक अलगद काढून घेतला, की मगच घर्रर्र करतात. आणि मला ते आवडतं. उपांत्य फेरीत आम्ही हरलो. शेवटच्या सामन्यात एक फटका पोटरीवर घेतला, निळी-जांभळी झाली आहे, पण तो गोल झाला नाही. पुढच्या वर्षाचा करार झाला. मी सुखात आहे.

तुमचा,
नेस्टर

---

बेलहार्बर
६ डिसेंबर १९७७

प्रिय तेता,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. दोन पानं कोबीवर, एक पान हाव्रिलुकबाईच्या गुडघ्यावर. बर्फावर एक ओळ नाही. डिसेंबर लागला तरी वुइकोंनी मला एकही प्रश्न विचारलेला नाही. मशीनला नवं पातं बसवलं का, हेसुद्धा नाही. "थोडं लागलंय, विश्रांती घेतायत," असं तू शेवटी कोपऱ्यात लिहिलंस. तेता, मी लोकांच्या खांद्यांवरून ओळखतो की ते कुठल्या बाजूला वळणार. खरं काय ते लिही.

नेस्टर

---

डोब्रिव्का
२ जानेवारी १९७८

लाडक्या नेस्टर,

त्यांनी लिहू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून हे मी पोस्टात उभी राहून लिहितेय. नोव्हेंबरात पहिलं पाणी घालताना ते पडले. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात काठी घेऊन चालतील, पण पिंप ओढायचं आता विसरायचं.

गावातल्या चौघांनी मिळून बर्फ धरून बघितलं. नांगरलेल्या शेतासारखं झालं. तुझे वुइको खुर्ची खिडकीशी ओढून रिंककडे बघत बसतात. समितीचं म्हणणं, या वर्षी जमेल तसं चालवू, पुढच्या हिवाळ्यापासून रिंकला कुलूप. मुलांना बसने शेजारच्या गावात पाठवणार. हाव्रिलुक स्वतः घरी सांगायला आला. यांनी त्याला कॉफी दिली.

तू ये असं मी म्हणत नाही. तिथे तुझं बरं चाललंय, आणि माझा आनंद त्यातच आहे. फक्त तू विचारलंस म्हणून सांगितलं. सहा तारखेला तुझं ताट मांडणार आहोत.

तुझी,
तेता

---

बेलहार्बर
२७ मार्च १९७८

प्रिय तेता,

हे मोठ्याने वाच. वुइकोंना खिडकीपासून टेबलाशी बोलाव आणि मगच सुरू कर.

जानेवारीत तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी संघाला सांगून टाकलं, की हा मोसम पुरा करतो आणि थांबतो. प्रशिक्षक म्हणाले, अजून एक वर्ष तरी दे. गुडघे चालतायत, एक वर्ष निघालं असतं. मी म्हटलं, मागे उभं राहायचं काम आता घरी निघालंय. इथे खेळ सोडणाऱ्याचा एक दिवस साजरा करतात. सामन्याआधी बर्फावर गालिचा अंथरतात आणि गावातले दुकानदार त्याला भेटी देतात. टीव्ही, आरामखुर्ची, नाही तर मासे धरायची होडी. आमच्या गोलरक्षकाला गेल्या वर्षी होडी दिली, त्याला पोहता येत नाही. माझ्यासाठी होडीच ठरत होती.

आता ऐका. कॉर्बिनचा संघ फेब्रुवारीत बुडाला. पैसेच संपले. त्यांच्या रिंकला टाळं लागलं आणि मशीन आत ताडपत्रीखाली पडून राहिलं. आमच्या बसचा चालक विल्फ तिकडचाच, त्याने मला सांगितलं. मी त्या दुकानदारांकडे गेलो आणि म्हटलं, होडी नको, ते मशीन द्या. ते आधी हसले. मग मी त्यांना वुइकोंचं पत्र वाचून दाखवलं, आपल्या भाषेतून त्यांच्या भाषेत, जमेल तसं. खड्डे आणि कोपरे यांच्यापाशी आलो तेव्हा कुणी हसत नव्हतं.

शनिवारी माझा शेवटचा सामना झाला. गालिचा अंथरला, आणि फाटकातून विल्फ मशीन चालवत आला, पुढे लाल फीत बांधलेली. सगळ्यांनी मिळून घर्रर्र केलं. मी रडलो, लपवलंही नाही. मग खेळलो, आणि जिंकलो. गोल केला नाही.

विल्फने मोठा ट्रक मिळवलाय. महिन्याभरात कागदपत्रं होतील, मग निघतो. वाटेत विनिपेगला आपल्या नात्यातल्या इर्काताईकडे मुक्काम आहे, पत्र तिथेच पाठव. वुइको, तुम्ही काठी टेकत बाजूला चालायचं आणि मला कोपरे शिकवायचे. मला ते येत नाहीत.

तुमचा,
नेस्टर

---

डोब्रिव्का
३० एप्रिल १९७८

लाडक्या नेस्टर,

तुझं पत्र टेबलावर वाचलं. "फीत" या शब्दापर्यंत मी पोचले आणि पुढे वाचवेना, तेव्हा तुझ्या वुइकोंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं, मोठ्याने. इतकी वर्षं मला वाटत होतं त्यांना वाचण्याइतकं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये खरं सांगून टाकलं. दोन खेळाडू नव्हते, मशीन होतं, आणि तेच मशीन घेऊन तो घरी येतोय. हाव्रिलुकबाईने लाटणं खाली ठेवलं, माझ्या गळ्यात पडली आणि माझा सगळा ब्लाउज पिठाने भरवला.

मग एक घोळ निघाला. तुझे वुइको काठी घेऊन रिंकवर गेले आणि काठीनेच दार मोजून आले. दार अरुंद आहे. तुझं मशीन काही केल्या आत शिरणार नाही. तेवीस वर्षं मशीन मागत होते, ते कुठून आत आणायचं हे यांनी एकदाही बघितलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, मिळेल असं कुठे वाटलं होतं?

कालचा शनिवार सगळ्या गावाने रिंकवर काढला. पुढची भिंत पाडायचं ठरलं, आता हिवाळ्यापर्यंत तिथे रुंद दार बसेल. पहिला घण हाव्रिलुकने घातला, मीच घालणार म्हणून हटून बसला. तुझे वुइको काळा सूट घालून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येकाला सांगत होते तो कुठे चुकतोय. मध्ये दम खायला थांबल्यावर हाव्रिलुकने त्यांना चिडवलं, "तारास, कॉर्बिनवाल्यांनी मशीन घेतलं तेव्हा नेस्टर दिला. आता मशीन आपण घेतोय, तर आपण कुणाला द्यायचं?"

तुझ्या वुइकोंनी विचार केला. म्हणाले, "त्यांना एका वेळी एकच परवडत होतं. आपल्याला दोन्ही झेपतील."

इर्काकडे पोटभर जेव, मग निघ. रस्त्यात घाई करू नको. भिंत पाडून झाली आहे, सरळ आत घेऊन ये.

तुझी,
तेता